आत, दार, मदत

१

शेकोटी गारठून मेला.

हे वाक्य मी रचलेलं नाही बरं का. मी आयुष्यभर थापा मारत आले. माझ्या थापांना शेपट्या असतात, शिंगं असतात, एकीचं तर मी दोन वेळा बाळंतपण करवलंय. पण माणसाचं टोपणनाव शेकोटी आणि मरण बर्फाच्या खोलीत, इतकं दुष्ट मला नसतं सुचलं.

कोल्ड स्टोरेजमध्ये माल हलवणारा कामगार होता तो. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे त्याच्याभोवती गोळा व्हायचे, हसायचे, म्हणून शेकोटी. सकाळच्या पाळीनं सगळ्यात थंड खोलीचं दार उघडलं तर हा दाराला टेकून बसलेला. एक कोपर गुडघ्यावर, मांडीवर कंपनीनं दिलेला फोन. थंडीनं फोनही मेलेला.

त्या दाराची आतली मूठ गोठून बसते, हे तिथल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं. मूठ दुरुस्त करण्याऐवजी मॅनेजरनं दारावर पाटी रंगवून घेतली होती: आत अडकलात तर फोनवरून तीन शब्द लिहून पाठवा. आत. दार. मदत. तिन्ही शब्द आले की फाटकावरच्या चौकीत घंटा वाजणार, चौकीदार किल्ली घेऊन धावणार.

चौकीच्या कॉम्प्युटरवर शेकोटीचे शब्द आलेले होते. तिन्ही, पाटीवर होते त्याच क्रमानं. एक कमी नाही, एक जास्त नाही.

म्हणजे घंटा वाजली. म्हणजे चौकीदार झोपला होता.

चौकीदार माझा लेक.

२

लेकाला त्याच दिवशी घरी बसवलं. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरबाई चौकशीला येणार होत्या. तो पलंगाच्या कडेवर बसून होता, बूटसुद्धा काढले नव्हते.

"घंटा वाजली नाही, आई."

एवढंच. मी वाट पाहिली. थाप मारणारा माणूस गप्प बसत नाही, तो तिला सजवतो. 'मी जागा होतो, हवं तर अमक्याला विचार, तेव्हा मी पाणी पीत होतो...' माझा धंदाच आहे हा, मला वास येतो. पण लेक पुढे काही बोललाच नाही.

"वाजायलाच हवी, बाबा," नात म्हणाली.

माझी नात कॉम्प्युटरचं काम करते. घंटेचा प्रोग्रॅम तिनंच लिहिलेला. कुणी पैसे देऊन लिहून घेतला नव्हता. बापाचे हाल बघवेनात म्हणून लिहिला. पूर्वी त्या तीनपैकी कुठलाही एक शब्द मेसेजमध्ये आला की घंटा वाजायची. आता कोल्ड स्टोरेजमध्ये दुसरं बोलणार काय? 'दार दोनचं रबर फाटलं.' 'माल आत घेतला.' 'वजनाला मदत पाठवा.' दिवसभर घणघणाट, आणि माझा लेक दुखरा गुडघा घेऊन प्रत्येक दाराकडे पळतोय. पळून पळून जिना चढायचा बंद झाला होता तो.

"मला समजेल असं सांग," मी म्हटलं.

"आजी, मेसेज आला की प्रोग्रॅम विचारतो, यात 'आत' आहे का? 'दार' आहे का? 'मदत' आहे का? तिन्हींचं उत्तर हो आलं तरच घंटा. एक जरी नाही आलं तर गप्प."

"म्हणजे तीन जावांचं घर. तिघी हो म्हणाल्या तर चूल पेटणार."

"हो, तसंच." एरवी ती हसली असती. "शब्द मागेपुढे झाले तरी चालतं. मध्ये दुसरं काही लिहिलं तरी चालतं. मी शंभर तऱ्हेनं तपासलंय. आणि त्यानं तर तिन्ही लिहिलेत. माझा प्रोग्रॅम खोटं बोलत नाही, बाबा."

लेकानं मान वर केली.

"मग मी बोलतो?"

नात उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाप त्या दाराकडे बघत बसला. आई म्हणून सांगते, लेकाला बेड्या पडण्याची भीती मला तेव्हा वाटली नाही. भीती वाटली ती त्या बघण्याची.

मी चपला घातल्या.

३

फाटकावर नवा चौकीदार होता. त्याला मी म्हटलं, मॅनेजरांची मावशी आहे, त्यांचं पोट बिघडलंय, मऊ भात आणलाय. डब्यात माझे चष्मे होते. त्यानं सलाम करून सोडलं.

मॅनेजर भात न मागवता आलेला बघून दचकले.

"आजीबाई, तुमचं दुःख समजतं. पण मी काय करणार? मुलानं कबूल करावं. डोळा लागला, माणूस आहे. मी बाईंना सांगून थोडं सौम्य करून घेईन."

"आणि कबूल नाही केलं तर?"

"तर खोटं बोलल्याचाही डाग लागेल. निष्काळजीपणानं मृत्यू म्हणजे तुरुंग असतो, आजीबाई."

इतका गोड माणूस बघितला की मी आधी त्याचे खिसे बघते. मुठीचं काम यांनीच लांबवलेलं. घंटा वाजली नाही असं ठरलं तर बोट मुठीकडे वळणार. चौकीदार झोपला असं ठरलं की सगळे सुटले.

"घंटेची तार कुणी काढून ठेवली असेल तर?"

"रोज सकाळी मी स्वतः तपासतो. बघा." त्यांनी खिशातून फोन काढला, स्वच्छ कापलेल्या नखाच्या बोटानं टकटक केलं, *आत दार मदत*, आणि पाठवलं.

देवा! चौकीतून असा घणघणाट आला की माझी कवळी जागची हलली. बाहेर नवा चौकीदार किल्ल्या घेऊन पळत सुटलेला दिसला.

"काल सकाळीही अशीच वाजली, आज सकाळीही. मधल्या संध्याकाळी तेवढी रुसली होती का?"

बिनतोड. टेबलावर त्यांनी चौकीच्या कॉम्प्युटरचा पडदा कागदावर छापून ठेवला होता. शेकोटीचं नाव, त्याखाली एक चौकोन, चौकोनात तीन शब्द. एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. मॅनेजरांनी एका ओळीत लिहिले होते, यानं तीन ओळींत. मी म्हटलं असेल, मरणाऱ्या माणसाची तऱ्हा. आणि कागद खाली ठेवला.

"चौकीदाराला पडद्यावर दिसलं नसतं का?" मी विचारलं.

"संध्याकाळी ट्रक लागतात. मेसेजांचा पूर असतो. कोण वाचत बसणार? म्हणून तर घंटा."

घंटा चांगली, प्रोग्रॅम चांगला, शब्द पुरे. उरला माझा लेक.

जाता जाता त्यांना आठवलं. "हो, आणि दार बाहेरून कुणी लावलं तेही कळलंय. पण तिला मी दोष देत नाही."

"कुणी लावलं?"

४

ती आतून मोठं उचलयंत्र चालवत आली. यंत्रावरून माल असा गरगर फिरवते की तिला सगळे भिंगरी म्हणतात. अंगात जाड कोट, हातात कोपरापर्यंतचे मोजे. मला बघून खाली उतरली आणि मी काही विचारायच्या आत रडायला लागली.

"दार मीच लावलं, आजी."

"बस गं आधी."

"उघडं ठेवलं तर माल वितळतो, दंड होतो. पाळी संपली होती. मी हाक मारली, कुणी ओ दिली नाही. मला वाटलं तो पुढे गेला. तो मागच्या रांगेत शेवटची पेटी बघायला गेला होता. हवेच्या पंख्यांत हाक कुठे ऐकू येते?"

"भांडण होतं का तुमचं?"

"शेकोटीशी कुणाचं भांडण होईल?" ती चिडली. "डबा विसरले तर अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवायचा. तुमच्या लेकालाही द्यायचा. आणि तुमचा लेक झोपणारा नाही, हे मी त्या मॅनेजरला तोंडावर सांगितलंय. एकदा माझी किल्ली आत राहिली तर लंगडत तीनदा आला होता."

हिच्याही बोलण्याला थापेचा वास नव्हता. मी तिला माझा नंबर दिला, काही आठवलं तर कळव म्हटलं. ती मोजे सारखे करत पुन्हा खोलीत गेली, दार लागलं, मी बाहेरच्या बाकावर बसले. खरं सांगते, त्या घडीला मीही मनात म्हटलं, लागला असेल डोळा. लेकावर आईचा विश्वास उडायला असा एक बाक पुरतो.

तेवढ्यात पदरातला फोन वाजला. टिंग. चष्मा काढेपर्यंत पुन्हा टिंग. मग टिंग. मग आणखी एक.

मी म्हटलं, चार माणसांना एकदम माझी आठवण आली! फोन उघडला तर एकच चौकोन. भिंगरीचा.

*शेवटी*
*तो*
*हसत*
*होता*

मी चष्मा पुसला. चार ओळी एकाच चौकोनात. पण फोन तर चारदा वाजला होता.

मी त्या गोठलेल्या दारावर दोन्ही मुठींनी बडवायला लागले.

५

"काय झालं, आजी?" भिंगरीनं घाबरून दार उघडलं.

"एकच गोष्ट चारदा का पाठवलीस?"

"चारदा कुठे? एकेक शब्द पाठवला." तिनं हात वर केला. मोज्यातलं बोट केळ्याएवढं. "या मोज्यांनी शब्दांमध्ये जागा सोडायची पट्टी दाबलीच जात नाही. अंगठा शेजारच्या बटणावर पडतो आणि मेसेज जातो. मोजा काढला तर बोटं फोनला चिकटतात. म्हणून आम्ही सगळे एक शब्द लिहितो, पाठवतो. दुसरा लिहितो, पाठवतो. समोरच्याला काय, एका चौकोनातच दिसतं."

"शेकोटीही असंच करायचा?"

"त्यानंच तर शोधून काढलं. त्यानंच सगळ्यांना शिकवलं."

मी पुन्हा बाकावर बसले. आता जिन्याच्या पायऱ्या दिसायला लागल्या.

'आत' असा मेसेज आला. प्रोग्रॅमनं विचारलं, यात 'आत' आहे? हो. 'दार' आहे? नाही. गप्प. मग 'दार' आला. यात 'आत' आहे? नाही. गप्प. मग 'मदत' आला. त्यालाही तेच. जावा तिघीही हो म्हणाल्या होत्या हो, पण एकेक करून आल्या, एकत्र कधी उभ्या राहिल्याच नाहीत. नंतर पडद्यानं तिन्ही शब्द एका चौकोनात मांडले आणि सगळ्यांनी तो चौकोन वाचला. मॅनेजर उबदार खोलीत उघड्या बोटानं तपासायचे. नातीनंही घरी चहाचा कप शेजारी ठेवून शंभर तऱ्हा तपासल्या. मोजे घालून कुणी लिहून पाहिलं नव्हतं. मोजे घालणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

माझा लेक जागा होता. मला उड्या मारायला हव्या होत्या.

उठले आणि पुन्हा बसले. लेकाला सोडवणारी जी गोष्ट हाती लागली होती, तिच्या दुसऱ्या टोकाला माझी नात बांधलेली होती.

६

घरी लेक न्हाणीघरात बूट धूत होता. आधीच स्वच्छ असलेले. मी नळ बंद केला आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा रंग आला, घंटा खरंच वाजली नव्हती म्हणून. मग तो रंग उतरला.

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस." त्यानं बूट खाली ठेवला. "उद्या मी कबूल करतो. डोळा लागला होता."

"अरे, तुरुंग—"

"माझं वय झालं, आई. तिचं सगळं व्हायचंय. तिनं हे माझ्या गुडघ्यासाठी केलं. माझ्या! आता ती रोज सकाळी उठून काय आठवणार?" त्यानं माझा हात धरला, हात साबणानं बुळबुळीत. "तू आयुष्यभर थापा मारल्यास. लहानपणी मला सांगायचीस, आपल्या विहिरीत हत्ती राहतो. मी मोठा होईपर्यंत वाकून बघायचो. एवढी एक थाप माझ्यासाठी मार. म्हण, माझा लेक झोपाळू आहे."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, देव जाणे. कारण मागून आवाज आला.

"तीन ओळी नाहीत त्या. तीन मेसेज आहेत."

नात लॅपटॉप छातीशी धरून उभी होती. आमचं बोलणं तिनं ऐकलं नव्हतं. सकाळपासून ती खोलीत हेच शोधत होती. 'मग मी बोलतो?' हे बापाचं वाक्य तिला बसू देईना. तिनं पडद्यामागची मूळ नोंद काढली होती.

"घंटा वाजलीच नाही, बाबा. तुम्ही खरं बोलत होतात."

"मी झोपलो होतो," लेक म्हणाला.

"बाबा, नका ना."

"झोपलो होतो म्हटलं ना! बापाला उलट बोलतेस?"

"बाबा..." ती तिथेच ओल्या फरशीवर खाली बसली. लेक तिच्या शेजारी बसला. दोघंही एकमेकांना धरेनात. जिवंत माणसं इतकी गार मी कधी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं इन्स्पेक्टरबाईंना सगळं दाखवलं. भिंगरीनं मोजे घालून तिन्ही शब्द पाठवले. घंटा गप्प राहिली. बाईंनी पुन्हा पाठवायला लावले. पुन्हा गप्प.

मॅनेजरांनी रुमालानं मान पुसली. "म्हणजे दोष प्रोग्रॅमचा. आमच्याकडे चूक नाही."

"दाराची मूठ आतून फिरत असती," मी म्हटलं, "तर शब्द कशाला लागले असते?"

"आजीबाई, मुठीचं पत्र मी वरच्या कचेरीत पाठवलं आहे."

"एका शब्दाचं एक, असं पाठवलंत का? म्हणून पोचलं नसेल."

कुणी हसलं नाही. बाईंनी मुठीचंही लिहून घेतलं, पण बारीक अक्षरात. मोठ्या अक्षरात नातीचं नाव लिहिलं. लेकाला मोकळं केलं. तो फाटकातून बाहेर पडला तो शिक्षा झालेल्या माणसासारखा.

प्रोग्रॅम नातीनं तिथेच बसून दुरुस्त केला. एकेका माणसाचे लागोपाठ आलेले मेसेज जोडून मग शब्द शोधायचे. भिंगरीनं पुन्हा मोज्यांनी लिहिलं आणि घंटा अख्ख्या आवारात घणघणली.

"झालं?" मी विचारलं. "एवढंच होतं?"

"एवढंच होतं, आजी," ती म्हणाली. "दोन ओळी."

७

शेकोटीच्या बायकोकडे जायचं नातीनंच ठरवलं. तिचे वकील नको म्हणाले, बाप नको म्हणाला. मी म्हटलं, मी सोबत येते.

दोन खोल्यांचं घर. बाई टेबलाशी बसून त्याच्या कोटाची बटणं काढत होती, दुसऱ्या कुणाला कोट द्यायचा म्हणून. आम्हाला बसायला सांगितलं. नात बसली नाही.

"काकू, चौकीदार झोपला नव्हता. घंटा वाजली नाही. ती वाजवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता." आणि तिनं सगळं सांगितलं, मोजे, मेसेज, तीन प्रश्न. स्वतःची बाजू कुठेच घेतली नाही.

बाईनं कात्री खाली ठेवली.

"मला तर कुणी म्हणालं, घाबरून त्यानंच काहीतरी चुकीचं लिहिलं असेल."

"नाही, काकू."

"तिन्ही लिहिले?"

"तिन्ही."

"बरोबर लिहिले?"

"एकही चूक नाही."

बाईनं टेबलावरून हात फिरवला. "त्याला लिहिता येत नव्हतं गं. ती पाटी लागली तेव्हा घाबरला. म्हणाला, मला शिकव. इथेच बसून शिकवले मी ते तीन शब्द. बाकी चहा, आलो, थांब, एवढंच यायचं." मग तिनं माझ्या नातीकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. "आम्हाला सांगितलं ते सगळं आम्ही केलं ना? मग तू का नाही वाचलंस?"

नातीनं टेबलावरचं एक बटण उचललं आणि परत ठेवलं.

"किती वेळ लिहीत होता तो?" बाईनं विचारलं. "पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत?"

नोंदीत वेळ होती. मी बघितली होती, नातीनं तर पाठच केली असेल. ती सांगायला लागणार होती. मी मध्ये पडले.

"लगेच गं, बाई. एका दमात लिहून टाकले. लागोपाठ. मग त्याला झोपच लागली असणार. थंडीत माणसाला झोप येते, काही कळत नाही."

आयुष्यातली सगळ्यात सफाईदार थाप होती ती. आवाज हलला नाही, डोळा हलला नाही.

बाईनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं कोट पुन्हा मांडीवर ओढून घेतला.

"नाही, आजी," ती म्हणाली. "'मदत' लिहायला त्याला फार वेळ लागायचा."